रिक्षा-टॅक्सीचं परमिट, भाडं आणि ॲप : गाडी घेण्याआधी घरात सगळ्यांना माहीत असावं असं

शाळेच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. नेहरूनगर, भोसरी, कुदळवाडी, मोशी ते चाकण या पट्ट्यात त्या रकान्यात 'चालक' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कोणाची स्वतःची रिक्षा असते, कोणी दुसऱ्याची शिफ्टवर चालवतो, कोणी कंपनीच्या कॅबवर असतो, कोणी ॲपवर. दहावी-बारावीनंतर मुलाचं शिक्षण थांबलं की घरात पहिला विचार निघतो तोही बहुतेक हाच, 'एक गाडी काढून देऊ.' मग आईचे दागिने, भिशीचे पैसे, फायनान्सचा हप्ता अशी जुळवाजुळव सुरू होते.

पण गाडी रस्त्यावर धावते ती सरकारच्या नियमांवर. किती गाड्या चालतील, भाडं किती घ्यायचं, कोणी चालवायची, हे ठरवणारे कायदे आहेत आणि गेल्या दहा वर्षांत ते फार बदलले आहेत. आपल्याकडे मात्र बरेच निर्णय अजून जुन्या काळच्या हिशेबाने होतात. 'एकदा परमिट मिळालं की रोजी पक्की' हे 2017 पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. आज परमिट मिळणं सोपं झालं आहे, पण त्याच्याबरोबर येणारी हमी गेली आहे. जोखीम आता हप्ता भरणाऱ्याच्या डोक्यावर आहे. म्हणून ही माहिती एका जागी देत आहे.

लायसन्स, बॅज, परमिट : तीन वेगळ्या गोष्टी

पुष्कळ लोक हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. तसं नाही.

लायसन्स म्हणजे माणसाला वाहन चालवता येतं याचा दाखला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असणाऱ्याला 7,500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं. अपघातानंतर 'लायसन्स चुकीच्या प्रकारचं होतं' असं म्हणून विमा नाकारण्याची जी प्रकरणं होत, त्यांत या निकालाने चालकांना मोठा आधार दिला.

बॅज, म्हणजे आपण ज्याला बिल्ला म्हणतो, ही प्रवासी वाहन चालवण्याची परवानगी. ही राज्याच्या नियमांतली वेगळी अट आहे आणि तिच्यासाठी पोलीस पडताळणी लागते. पूर्वी व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पास असावं लागे. केंद्राने 2019 मध्ये ती अट काढली. त्याने अनेक घरांना दिलासा मिळाला हे खरं, पण 'आता शाळेची गरज नाही' असा अर्थ कोणी काढू नये. ॲपचा करार, विम्याची पॉलिसी, कर्जाची कागदपत्रं वाचता आली नाहीत तर नुकसान चालकाचंच होतं.

परमिट असतं गाडीचं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 66 प्रमाणे परमिटशिवाय व्यावसायिक वाहन साधारणपणे रस्त्यावर चालवता येत नाही. ते साधारण पाच वर्षांसाठी मिळतं, मग नूतनीकरण करावं लागतं. परमिटवर गाडी कोणत्या हद्दीत चालेल तेही लिहिलेलं असतं. शहरात चालणारी रिक्षा आणि खेड तालुक्याच्या ग्रामीण भागात चालणारी रिक्षा यांचं परमिट वेगळं असू शकतं. जुनी गाडी घेताना हा मुद्दा आधी तपासा.

याशिवाय गाडीचं पासिंग असतं. नवीन व्यावसायिक गाडीला पहिलं योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळतं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी ते घ्यावं लागतं. विमा आणि पासिंग यांतलं एक जरी संपलं असेल तर बाकीचे कागद असूनही अडचण होते. पिंपरी-चिंचवडच्या गाड्यांचा नंबर एमएच 14, आणि कार्यालय मोशीला आहे.

गाड्यांची संख्या कोण ठरवतं?

कायद्याच्या कलम 74 मध्ये एक तरतूद आहे. केंद्र सरकारने निर्देश दिले तर राज्य सरकार पाच लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहरांत रिक्षा-टॅक्सींच्या संख्येवर मर्यादा घालू शकतं. महाराष्ट्रात 1997 मध्ये अशी मर्यादा आली आणि मोठ्या शहरांत नवीन रिक्षा परमिट देणं थांबलं. पुढची वीस वर्षं साधारण तशीच गेली. मध्ये रद्द झालेली जुनी परमिटं लॉटरीने वाटली गेली, इतकंच.

या वीस वर्षांत शहर मात्र थांबलं नाही. पिंपरी-चिंचवडच्या आजूबाजूची गावं वस्त्या झाल्या, चाकणला एकामागून एक मोठे वाहन कारखाने आले. माणसं वाढली, परमिटं तेवढीच राहिली. मग जे व्हायचं ते झालं. परमिटलाच किंमत आली. ज्याच्या नावावर परमिट तो घरी बसून रोजचे ठरलेले पैसे घेऊ लागला आणि प्रत्यक्ष गाडी चालवणारा दुसराच असे. कष्ट करणाऱ्याच्या हातात उरलं ते कमी. प्रवाशालाही फायदा नव्हता, कारण रिक्षाच कमी असल्याने 'मीटरने येणार नाही' म्हणणाऱ्याला पर्याय नसे.

जून 2017 मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा उठवली. ज्याच्याकडे बॅज, वास्तव्याचा पुरावा आणि पोलिसांचा दाखला आहे त्याला अर्ज करून परमिट मिळू लागलं. शिफ्टवर चालवणारे अनेक जण मालक झाले, ही चांगली गोष्ट. पण दुसऱ्या बाजूने स्टँडवरची रांग लांबली आणि एका रिक्षाच्या वाट्याला येणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून रिक्षा संघटनाच आता मागणी करतात की परमिट पुन्हा बंद करा.

यात कोण बरोबर? बाहेरच्या जगाने दोन्ही प्रयोग करून पाहिले आहेत. न्यूयॉर्कमध्ये 1937 च्या कायद्याने टॅक्सींची संख्या बांधली गेली. तिथलं परमिट इतकं दुर्मिळ झालं की 2014 च्या सुमारास एकाची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. अनेक स्थलांतरित चालकांनी, त्यांत बांगलादेश, पाकिस्तान आणि भारतातून गेलेलेही बरेच, कर्ज काढून ती विकत घेतली. मग ॲपच्या गाड्या आल्या, किंमत कोसळली आणि कर्ज तसंच राहिलं. काही चालकांनी आत्महत्या केल्या. 2021 मध्ये चालकांनी उपोषण केलं तेव्हा शहराने कर्जफेडीत सवलत मान्य केली. उलट आयर्लंडमध्ये 2000 साली न्यायालयाच्या निकालाने मर्यादा उठली आणि डब्लिनमधल्या टॅक्सी दोन-तीन वर्षांत जवळपास तिप्पट झाल्या. प्रवाशांची रांग कमी झाली, जुन्या चालकांची कमाई घसरली.

दोन्हीकडून एक गोष्ट दिसते. संख्या बांधली तर फायदा परमिटधारकाला होतो, चालवणाऱ्याला नाही. संख्या मोकळी सोडली आणि भाड्यावर लक्ष ठेवलं नाही, तर सगळा ताण चालवणाऱ्यावर येतो. आपल्याकडे सध्या दुसरी स्थिती आहे.

भाडं कोण ठरवतं?

कलम 67 प्रमाणे भाडं ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा. प्रत्यक्षात आपल्या भागासाठी तो निर्णय प्रादेशिक परिवहन प्राधिकरण घेतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि आरटीओ सचिव. भाडं कोणत्या हिशेबाने वाढवावं यासाठी 2012 मध्ये हकीम समिती आणि नंतर निवृत्त सनदी अधिकारी बी. सी. खटुआ यांची समिती नेमली गेली. खटुआ समितीचा अहवाल सरकारने 2020 मध्ये स्वीकारला. इंधन, देखभाल, गाडीची किंमत, विमा, चालकाचा राहणीमानाचा खर्च हे सगळं धरून दर काढायचा, अशी ती पद्धत.

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि बारामतीत नोव्हेंबर 2021 मध्ये रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 21 रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला 14 रुपये झाला. 1 सप्टेंबर 2022 पासून तो 25 आणि 17 रुपये झाला. मध्यरात्री 12 ते पहाटे 5 या वेळेत महापालिका हद्दीत 25 टक्के जादा. वातानुकूलित टॅक्सीसाठी जानेवारी 2024 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 37 आणि पुढे 25 रुपये हा दर ठरला.

हिशेब करून बघू. सहा किलोमीटरचा प्रवास धरा. रिक्षाने पहिल्या दीड किलोमीटरचे 25, उरलेल्या साडेचारचे 76.50, एकूण सुमारे 101 रुपये. रात्री एक वाजता तोच प्रवास सुमारे 127 रुपये. वातानुकूलित टॅक्सीने दिवसा 149.50. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित घरी करायला द्या, त्यांनाही येईल आणि रिक्षात बसल्यावर कोणी फसवणार नाही.

आपल्या पट्ट्यात मीटरपेक्षा 'सीट'ची सवय जुनी आहे. शेअर रिक्षा बेकायदाच असते असं नाही. प्राधिकरणाने मंजूर केलेल्या मार्गावर, ठरलेल्या दरात, तीन प्रवासी घेऊन ती चालू शकते. चौथा प्रवासी चालकाच्या शेजारी बसला की मात्र परमिटच्या अटीचा भंग होतो.

ॲप आलं आणि प्रश्न बदलला

ओला-उबर आपल्याकडे आल्या तेव्हा कायद्यात त्यांच्यासाठी शब्दच नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने 'अ‍ॅग्रिगेटर' ही व्याख्या कायद्यात आली, म्हणजे प्रवासी आणि चालक यांना डिजिटल पद्धतीने जोडून देणारा मध्यस्थ. कलम 93 प्रमाणे अशा मध्यस्थाला लायसन्स घ्यावं लागतं आणि न घेतल्यास 25 हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. केंद्राने 27 नोव्हेंबर 2020 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत भाड्यातला किमान 80 टक्के वाटा चालकाला द्यावा, गर्दीच्या वेळचं भाडं मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, चालकाचा विमा उतरवावा, असं सांगितलं होतं.

महाराष्ट्रात अंमलबजावणी मात्र रखडली. एका महिला ग्राहकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये कंपन्यांना 16 मार्चपर्यंत लायसन्ससाठी अर्ज करायला लावले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 2024 मध्ये पुण्याच्या प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे चारचाकी सेवेसाठीचे अर्ज फेटाळले. त्याआधी फेब्रुवारीत कॅबचालकांनी संप केला होता. त्यांची मुख्य तक्रार साधी होती की सरकारने 37 आणि 25 रुपयांचा दर ठरवला, पण ॲप तो देत नाही. अर्ज फेटाळले गेले, तरी लोकांच्या मोबाइलमधून ॲप गेलं नाही.

मे 2025 मध्ये राज्य सरकारने ॲप टॅक्सींचं धोरण जाहीर केलं. गर्दीच्या वेळी जास्तीत जास्त दीडपट, मंदीच्या वेळी मूळ भाड्यापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त सूट नाही, चालकाला किमान 80 टक्के, असे त्यातले मुख्य मुद्दे. 1 जुलै 2025 रोजी केंद्राने नव्या सूचना काढल्या. त्यांत गर्दीच्या वेळची मर्यादा दुप्पट केली गेली, 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा मुदत विमा सांगितला गेला, आणि कारण नसताना फेरी रद्द केल्यास भाड्याच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 100 रुपये दंड ठेवला. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्याने आपल्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला.

चालकाच्या दृष्टीने यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा 'कमाल' नसून 'किमान' आहे. भाडं किती वर जाऊ शकतं याची चर्चा प्रवासी करतात. ते किती खाली जाऊ शकतं यावर चालकाचं घर चालतं.

बाईक टॅक्सी

28 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात रिक्षाचालकांनी बाईक टॅक्सीविरोधात मोठं आंदोलन केलं. पुणे आरटीओने डिसेंबरमध्ये रॅपिडोचा अर्ज नाकारला. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने लायसन्स नसताना सेवा चालवू नये असं सांगितलं आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

त्यानंतर 2025 मध्ये राज्याने स्वतंत्र नियम केले. आता बाईक टॅक्सीला परवानगी आहे ती फक्त इलेक्ट्रिक दुचाकीला, आणि एका फेरीचं अंतर जास्तीत जास्त 15 किलोमीटर. म्हणजे कॉलेजला जाणारा मुलगा घरची पेट्रोलची, पांढऱ्या पाटीची मोटारसायकल ॲपला जोडून 'पॉकेटमनी' कमावत असेल, तर ते नियमात बसत नाही. पालकांनी हे विचारायला हवं. मागे बसलेला प्रवासी जखमी झाला तर प्रश्न फक्त दंडाचा राहत नाही.

चाकणला गाडी का मिळत नाही?

गाड्यांची संख्या वाढली असेल तर चाकण एमआयडीसीत रात्री शिफ्ट सुटल्यावर गाडी का मिळत नाही, हा प्रश्न बरोबर आहे.

परमिट मोकळं केल्याने गाड्या वाढतात, पण त्या कुठे आणि कधी उभ्या राहतील हे परमिट सांगत नाही. चालक तिथे जातो जिथे परतीचं भाडं मिळतं. पिंपरी स्टेशन, मेट्रो स्टेशन, हिंजवडी इथे दोन्ही बाजूंनी प्रवासी असतात. चाकणच्या आतल्या रस्त्यावरून रात्री अकराला एक फेरी मिळाली तरी येताना गाडी रिकामी येते. त्यात तळेगाव चौक, आंबेठाण चौकातली कोंडी. चाकणला रेल्वे नाही, मेट्रो नाही. मोठे कारखाने आपल्या कायम कामगारांसाठी बस ठेवतात. कंत्राटी कामगार, छोट्या वर्कशॉपमधली मुलं, कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बायका यांच्यासाठी उरतं ते वडाप.

वडापवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, पण तो एक गरज भागवतो हेही खरं. अडचण अशी की त्यातल्या काही गाड्या पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी असतात. परमिट नसताना प्रवासी नेल्यास कलम 192-अ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेलं तर कायद्याने सूट आहे. विम्याचा धोका त्याहून मोठा. परमिटशिवाय गाडी चालवणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं आहे. विमा कंपनीने आधी भरपाई दिली तरी ती नंतर गाडीमालकाकडून वसूल होऊ शकते. एका अपघातात घर विकायची वेळ येऊ शकते.

खरा उपाय पीएमपीची शिफ्टच्या वेळेनुसार बस आणि मंजूर शेअर मार्ग हाच आहे. शेअर मार्ग मंजूर करण्याची मागणी प्राधिकरणाकडे लेखी करता येते. कामगारांनी आणि रिक्षाचालकांनी ती मिळून केली तर तिला वजन येतं.

रात्रपाळी आणि आपल्या मुली

1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री पुण्यात एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीला न्यायला आलेल्या कंपनीच्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजे परिसरात तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. गाडी कंपनीने ठरवलेली होती, म्हणजे सुरक्षित समजली जात होती. चालकाची पडताळणी का हवी, याचं उत्तर या घटनेत आहे.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची व वाहतुकीची सोय मालकाने करायची आहे. नोकरीचं पत्र घेताना हे विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. मुलीला नोकरी नाकारण्याऐवजी कंपनीला हा प्रश्न विचारा.

मराठीची अट

2016 मध्ये परिवहन विभागाने रिक्षा परमिटसाठी मराठी सक्तीचं परिपत्रक काढलं होतं. अर्जदारांना उतारा वाचायला देत. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. तरीही हा विषय पुन्हा पुन्हा निघत असतो. न्यायालयाचा निकाल आपल्या जागी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या शिक्षकाच्या नात्याने इतकंच म्हणेन की मुलाला मराठी वाचता-लिहिता येऊ द्या. आरटीओचा अर्ज, पोलिसांचा पंचनामा, न्यायालयाची नोटीस मराठीत येते. वाचता न येणारा माणूस एजंटच्या हातात सापडतो.

परमिटधारकाचं निधन झालं तर

याबद्दल आपल्या घरांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. गाडी ही मालमत्ता आहे, ती वारसांमध्ये जाते. परमिट ही सरकारने एका व्यक्तीला दिलेली परवानगी आहे, ती घरातल्या वाटणीने कोणाच्या नावावर होत नाही.

कलम 82 प्रमाणे परमिटधारकाचं निधन झाल्यास गाडी ज्याच्या ताब्यात येते ती व्यक्ती तीन महिने त्याच परमिटवर गाडी चालवू शकते. मात्र 30 दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची कल्पना द्यावी लागते. परमिट आपल्या नावावर करण्याचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. इद्दतच्या काळात बेवा स्वतः जाऊ शकत नसेल तर दीर, भाऊ किंवा मोठ्या मुलाने चौकशी करून लेखी अर्ज वेळेत पोहोचवावा आणि पोच घ्यावी. 'चाळीस दिवस होऊ द्या, मग बघू' म्हटलं तर 30 दिवसांची मुदत निघून जाते.

गाडी घेण्याआधीचा हिशेब

समजा महिन्याचा हप्ता 9,000 रुपये आणि महिन्यात 26 दिवस गाडी चालली. दिवसाला 346 रुपये हप्त्याचे. विमा, पासिंग, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला 15,000 धरले तर दिवसाला आणखी 48. म्हणजे रोजचे पहिले सुमारे 400 रुपये गाडीचेच. गॅस त्याच्यावर. मघाचा सहा किलोमीटरचा प्रवास मीटरने केला तर 101 रुपये मिळतात, चार फेऱ्यांत हप्ता निघतो. तोच प्रवास ॲपवरून याच भाड्याने केला आणि 20 टक्के कापले गेले तर हातात 81 येतात, पाच फेऱ्या लागतात. भाडं त्याहून खाली गेलं तर सहा-सात. काही ॲप टक्क्यांऐवजी रोजची ठरलेली फी घेतात. मग धंदा झाला नाही तरी फी जाते का, हे आधी विचारा.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गाडीचे घालून बघा. त्याआधी मुलाला दोन-तीन महिने दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवू द्या आणि रोजचा जमा-खर्च वहीत लिहायला लावा. वही बघूनच कर्जाचा निर्णय घ्या, मग ते बँकेचं असो, फायनान्सचं असो की नातेवाइकांकडून घेतलेला कर्ज-ए-हसना असो. परत करायचं ते सगळ्यांचंच असतं.

जुनी गाडी घेत असाल तर मूळ आरसी, परमिटची हद्द आणि मुदत, पासिंग, विमा, बाकी असलेले ई-चलन आणि आधीच्या कर्जाची नोंद एवढं तरी बघा. परमिट दुसऱ्याच्या नावावर ठेवून 'आपसात लिहून घेऊ' हा व्यवहार करू नका. प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय परमिट हस्तांतरित होत नाही, स्टॅम्प पेपर कितीही रुपयांचा असला तरी.

चालकांसाठी योजना, प्रवाशांसाठी हक्क

राज्यात रिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झालं आहे. 65 वर्षांवरील चालकांना 10 हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान देण्याची घोषणा जानेवारी 2025 मध्ये झाली. सदस्य नोंदणी केल्याशिवाय लाभ मिळत नाही, म्हणून घरातल्या ज्येष्ठ चालकांची नोंदणी झाली आहे का ते पाहा. ॲपवर काम करणाऱ्यांनी ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांचा पहिल्यांदा उल्लेख आला आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत द्यायची आहे. तो निधी वाटला जाईल तेव्हा नाव नोंदलेल्यांनाच शोधलं जाईल.

प्रवाशांनी एवढं लक्षात ठेवावं. रिक्षा किंवा टॅक्सीचालकाने कारण नसताना भाडं नाकारणं हा कलम 178 खाली गुन्हा आहे. तक्रार करायची तर गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून आरटीओकडे लेखी द्या. नुसतं स्टँडवर भांडून काही होत नाही. धोका वाटला तर 112 वर फोन करा. आणि चालकाने मीटरने आणलं, सुटे परत दिले, रात्री बाईमाणसाला दारापर्यंत सोडलं, तर तेही चार लोकांत सांगा. त्याच्या घरीही कोणीतरी शाळेच्या फीची वाट बघत असतं.